सुस्थितीतली विमानं डोंगरावर का आदळली?

घाटमाथा (धागाकर्ता)

१२ जुलै १९४९. केएलएम या डच कंपनीचं कॉन्स्टेलेशन विमान भर पावसात सांताक्रूझला उतरायला येत होतं आणि घाटकोपरच्या डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे ४५ जण गेले. त्यांत इंडोनेशियाचा दौरा करून परतणारे १३ अमेरिकी पत्रकार होते. पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९५० ला, एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला जाताना आल्प्समधल्या माँ ब्लाँवर आदळली. ४८ जण, बहुतेक भारतीय खलाशी. ७ जुलै १९६२ ला अलिटालियाचं डीसी-८ आपल्या जुन्नरकडच्या डोंगरात गेलं, ९४ जण. २४ जानेवारी १९६६ ला पुन्हा माँ ब्लाँ: एअर इंडियाचं बोइंग ७०७ ‘कांचनजंगा’, ११७ जण, त्यांत डॉ. होमी भाभा.

या चारही अपघातांत एक गोष्ट सारखी आहे. हवेत पंख निखळला नाही, आग लागली नाही, इंधन संपलं नाही. चालतं विमान डोंगरात गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीसेक वर्षांत प्रवासी आणि लष्करी वाहतूक विमानांचे असे अपघात जगभर इतके झाले की त्यांचा वेगळा प्रकारच मानला जातो. आणि बातमीत शेवटी कारण छापून येतं: वैमानिकाची चूक. माझ्या मते चौकशी खरी तिथून पुढे सुरू व्हायला हवी.

जुन्नरचंच घ्या. विमान सिडनीहून निघून बँकॉक करत रात्री मुंबईकडे येत होतं. पूर्वेकडून येणारं विमान बराच वेळ दख्खनच्या पठारावरून येतं. पठारच समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास, त्यावर सह्याद्रीचे माथे, आणि मग एकदम कोकणाचा सखल पट्टा. मुंबई किती लांब आहे याचा अंदाज चुकला की सह्याद्री ओलांडण्याआधीच विमान खाली येऊ लागतं. नेमकं तेच झालं. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर लांब असताना विमान साधारण ३,६०० फुटांवर आलं होतं आणि समोरचा डोंगर तेवढाच उंच होता. नेहमीचा उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो; पोटाखालची जमीन किती जवळ आली हे त्याला कळत नाही. अंधारी रात्र, खाली दिवा नाही. भारतीय चौकशीचा निष्कर्ष असा की आपण मुंबईजवळ पोचलो या समजुतीने वैमानिक वेळेआधी खाली उतरला, दिशादर्शक सोयी वापरून आपली जागा त्याने पक्की केली नाही, ठरलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली गेला, आणि या मार्गावरचा प्रदेश त्याच्या परिचयाचा नव्हता.

यातलं शेवटचं कारण पुन्हा वाचा. प्रदेश माहीत नसलेल्या माणसाला जुलै महिन्यात, रात्री, सह्याद्रीवरून जेट विमान उतरवायला पाठवलं कुणी? त्याची तयारी कुणी करून घ्यायची होती? ९४ माणसांच्या मृत्यूचा हिशेब एका मेलेल्या माणसाच्या नावावर मांडून फाइल बंद करणं मला पटत नाही.

‘कांचनजंगा’चं तर याहून स्पष्ट आहे. त्या विमानाच्या दोन व्हीओआर रिसीव्हरपैकी (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा सांगणारं यंत्र) एक बैरूतहून निघतानाच बंद होता. वैमानिकाला वाटलं आपण माँ ब्लाँ ओलांडलं. जिनिव्हाच्या रडार कंट्रोलरला दिसत होतं की ओलांडलेलं नाही, शिखर अजून पाच मैल पुढे आहे. त्याने तसं सांगितलं. पण ते अशा शब्दांत सांगितलं गेलं की वैमानिकाने त्याचा उलटा अर्थ घेतला आणि तो खाली येत राहिला. फ्रेंच चौकशीने पुरेशी नेमकी शब्दयोजना नसल्यामुळे दुरुस्ती समजली नाही, असं नोंदवून ठेवलं आहे. एकाला धोका दिसत होता, त्याने तो सांगितला, दुसऱ्याने ऐकला, आणि तरी ११७ जण गेले.

लष्करी वाहतूक विमानांबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी जरूर लिहा.

जुना_फिटर

उत्तम धागा. डोंगरावर आदळण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, मी हँगरच्या बाजूचं लिहितो, कारण माझं आयुष्य तिथे गेलं.

२३ ऑगस्ट १९४७ ला इंग्लंडमध्ये वुडफर्डला अॅव्रो ट्यूडर या नव्या प्रवासी विमानाचा नमुना उड्डाण करताच कोसळला. आत रॉय चॅडविक होते, युद्धात गाजलेल्या लँकेस्टर बाँबफेकी विमानाचे रचनाकार. कारण काय? दुरुस्तीनंतर एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, पंखांच्या कडेवरच्या हलत्या फळ्या) तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. वैमानिकाने डावीकडे वळवलं की विमान उजवीकडे कलणार. हे जोडणाऱ्याची चूक म्हणून सोडून देता येतं. पण उलटी जोडता येईल अशी जोडणी ठेवलीच का? आज असे भाग चुकीच्या जागी बसूच नयेत असे बनवतात, आणि कंट्रोलचं काम झालं की दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासून सही करायची असते. आम्ही त्या दुसऱ्या सहीला कंटाळायचो. तरुण मुलांना मी ट्यूडरची हकीकत सांगायचो, मग कुणी कुरकुर करत नसे.

दुसरं उदाहरण लष्करी. २० डिसेंबर १९५२, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातलं मोझेस लेक. सी-१२४ ग्लोबमास्टर हे अजस्र मालवाहू विमान नाताळच्या सुट्टीला सैनिकांना घरी नेत होतं. ११५ पैकी ८७ जण मेले. गस्ट लॉक काढायचे राहिले होते. विमान उभं असताना वाऱ्याने एलिव्हेटर-रडर (शेपटीवरच्या, विमान वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळवणाऱ्या हलत्या फळ्या) आपटून खराब होऊ नयेत म्हणून ते जखडून ठेवतात, त्याला गस्ट लॉक म्हणतात. ते तसेच ठेवून विमान धावपट्टीवरून उठलं, आणि उठल्यावर त्याचं नाक ताब्यात राहिलं नाही. उड्डाणाआधी सगळे कंट्रोल पूर्ण फिरवून बघायचे, ही तपासणी त्याआधीही होती. नियम असूनही हे घडलं, म्हणून मला ते जास्त लागतं.

तिसरा_पहारा

सी-१२४ वरून आठवलं. सहाच महिन्यांनी, १८ जून १९५३ ला, जपानमधल्या ताचिकावा तळावरून दुसरं सी-१२४ उडालं. कोरियाच्या युद्धातल्या सुट्टीवरचे सैनिक परत चालले होते. उडताच एक इंजिन बंद पडलं. चार इंजिनांच्या विमानाला तीन पुरतात. परत वळताना फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या फळ्या) उघडले गेले, त्यामुळे वेग घटला, पंखांची उचल सुटली आणि ते शेतात पडलं. १२९ मृत्यू. एका विमानात शंभराहून जास्त माणसं मेल्याची ही पहिली वेळ.

सैन्याच्या वाहतुकीत एक दडपण कायम असतं: नेलंच पाहिजे, आजच नेलं पाहिजे. सोव्हिएत नाकेबंदीत अडकलेल्या बर्लिनला १९४८-४९ मध्ये विमानांनी कोळसा आणि पीठ पुरवलं, तेव्हा १३ ऑगस्ट १९४८ ला टेंपलहॉफवर वाईट हवेत एक सी-५४ मालवाहू विमान पडून पेटलं आणि मागची विमानं शहरावर थरांवर थर घिरट्या घालत राहिली. त्यांतल्याच एकात या पुरवठ्याचे प्रमुख जनरल टनर अडकले होते. हेच टनर आधी आसामातून चीनकडे जाणाऱ्या ‘हंप’ मार्गाचे प्रमुख होते, तिथे त्यांनी पुष्कळ विमानं गमावलेली पाहिली होती. त्यांनी नियम केला की उतरणं एकदा हुकलं की घिरट्या घालायच्या नाहीत, माल घेऊन सरळ तळावर परत जायचं. पुढे पुरवठा वाढला आणि अपघातांचं प्रमाण कमी झालं. चुकला म्हणून वैमानिकाला दम देण्यापेक्षा हे किती वेगळं!

मेधा_रसायन

मी धातुशास्त्र शिकवते, त्यामुळे कॉमेटबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथे डोंगरही नाही आणि कुणाचा हातही चुकलेला नाही, म्हणून या धाग्यात ते हवंच.

डी हॅव्हिलंड कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट. २ मे १९५२ ला लंडनहून जोहान्सबर्गला पहिली नियमित फेरी. बरोबर वर्षाने, २ मे १९५३ ला, एक कॉमेट कलकत्त्याच्या डमडमहून उडालं आणि वादळात हवेतच तुटलं, ४३ जण गेले. वादळाला दोष दिला गेला. १० जानेवारी १९५४ ला दुसरं, सिंगापूरहून लंडनला जाताना रोम सोडल्यावर एल्बा बेटाजवळ स्वच्छ हवेत फुटलं, ३५ जण. आता वादळ नव्हतं. उड्डाणं थांबवली, आगीपासून इंजिनापर्यंत जे जे कारण सुचलं त्यासाठी बदल केले आणि २३ मार्चला सेवा पुन्हा सुरू केली. खरं कारण सापडलेलं नव्हतं. ८ एप्रिल १९५४ ला तिसरं, रोमहून कैरोला जाताना नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रात. आणखी २१.

मार्च आणि एप्रिलमधले ते दोन आठवडे मला फार अस्वस्थ करतात. खुर्चीवरच्या माणसांना वाटत असणार की आपण सगळी काळजी घेतली आहे. पण सुचेल ते दुरुस्त करणं आणि काय झालं ते शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

मग मात्र जे काम झालं ते आदर्श होतं. फार्नबरोच्या संशोधन संस्थेत आर्नल्ड हॉल यांच्या हाताखाली एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि केबिनमध्ये पाणी भरून दाब चढवायचा-उतरवायचा, असं हजारो वेळा केलं. जेट उंचावर उडतं, आत हवेचा दाब ठेवावा लागतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत विमानाची कातडी फुगते आणि पुन्हा बसते. हवेऐवजी पाणी वापरलं, कारण पाणी दाबलं जात नाही. तडा गेला तर स्फोट न होता तो तडा तसाच बघायला मिळतो. खऱ्या आणि टाकीतल्या मिळून तीन हजारांच्या थोड्या वर फेऱ्यांनंतर खिडकीच्या कोपऱ्याशी कातडी फाटली. इकडे नौदलाने एल्बाजवळच्या समुद्रातून अवशेष काढले. त्यांत छपरावरच्या रेडिओ अँटेनाच्या खिडकीशी तसाच तडा सापडला. मेटल फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून धातूला तडा जाणं.

‘चौकोनी खिडक्यांमुळे पडलं’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धंच आहे. कोपऱ्यांपाशी ताण साचत होता हे खरं, पण तो रचनाकारांनी मोजला होता त्यापेक्षा कितीतरी जास्त होता, रिव्हेटची भोकं ठोकून पाडल्याने त्यांच्या कडांना बारीक तडे राहत होते, आणि परीक्षेचा नमुना आधी जास्त दाबाखाली ठेवल्यामुळे तो नेहमीच्या विमानापेक्षा जास्त टिकला. त्यामुळे परीक्षेचा निकाल फसवा आला. ही तिन्ही कारणं एकत्र नसती तर खिडकी कशीही असून विमानं इतक्या लवकर फुटली नसती.

याच चौकशीत ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड वॉरन सहभागी होते. कॉकपिटमधलं बोलणं टिपून ठेवणारं यंत्र असायला हवं, हे त्यांना तेव्हा सुचलं. त्यांचे वडील १९३४ मध्ये विमान अपघातातच गेले होते.

भटका_नाशिककर

छान चर्चा. पण ‘कांचनजंगा’बद्दल नुसतं शब्दयोजना म्हणून कसं चालेल? डॉ. भाभांचा घातपात झाला असं बरेच जण लिहितात.

घाटमाथा

@भटका_नाशिककर, भाभांसारखा माणूस असा जातो तेव्हा मन साधं कारण स्वीकारत नाही, हे मी समजू शकतो. पण १९५० ची ‘मलबार प्रिन्सेस’ याच डोंगराच्या त्याच अंगाला आदळली होती, तेव्हा विमानात कुणी शास्त्रज्ञ नव्हते. जिनिव्हाला उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत ४,८०० मीटरचा डोंगर आहे आणि हिवाळ्यात तो ढगात असतो. कंट्रोलरने पाच मैलांचा इशारा दिला होता. विमान आदळेपर्यंत उडत होतं आणि वैमानिक बोलत होता. पुढे हिमनदीतून त्या विमानातली टपालाची थैली २०१२ मध्ये वर आली, दुसऱ्या वर्षी एका गिर्यारोहकाला पाचू-नीलमण्यांची पेटी सापडली. घातपाताचा पुरावा मात्र आलेला नाही.

१९५० मध्ये बचावासाठी वर चढलेल्या तुकडीतले शामोनीचे वाटाडे रने पायो बर्फात गेले. आपल्या खलाशांसाठी एक परका माणूस मेला, हे नावानिशी लक्षात ठेवायला हवं.

शुभांगी_दादर

खऱ्या घातपाताचं उदाहरण आहे आणि त्यात आपली माणसं आहेत. ११ एप्रिल १९५५, एअर इंडियाचं ‘काश्मीर प्रिन्सेस’. इंडोनेशियातल्या बांडुंगला भरणाऱ्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेसाठी चिनी प्रतिनिधी आणि पत्रकारांना हाँगकाँगहून जाकार्ताला नेत होतं. हाँगकाँगला विमानात टाइमबाँब ठेवला गेला होता. रोख चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यावर होता, पण ते त्या विमानाने गेलेच नाहीत. स्फोटाने पंखाला आग लागली. कॅप्टन दा. का. जटार यांनी पेटतं विमान समुद्रात उतरवण्याचा प्रयत्न केला. १९ पैकी तिघे वाचले: सहवैमानिक दीक्षित, देखभाल अभियंता कर्णिक आणि नॅव्हिगेटर पाठक. जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी गेले. या पाचही जणांना अशोकचक्र सन्मान मिळाला. पुस्तकात याचा एखादा परिच्छेदही आम्हाला शाळेत नव्हता.

ओतूरचा_वाटसरू

अलिटालियाच्या विमानाबद्दल आमच्या भागात जुनी माणसं अजून बोलतात. जुलैमध्ये आमच्या पश्चिम पट्ट्यात काय असतं ते सांगतो. भातलावणी चालू, पायवाटांचे ओढे झालेले, डोंगरमाथा दिवस-दिवस धुक्यात. दिवसाढवळ्या शेजारचा कडा दिसत नाही. तिथे मध्यरात्री काय दिसणार? वैमानिकाला खाली एकही दिवा दिसला नसेल, कारण दिवे नव्हतेच. वीज या गावांत नंतर आली.

सीमा_चंदीगड

माझ्या घरात लष्कर आहे म्हणून लिहिते. ७ फेब्रुवारी १९६८ ला हवाई दलाचं आन्तोनोव्ह-१२ चंदीगडहून लेहला निघालं, १०२ जण. लेहची हवा बिघडली म्हणून परत फिरलं आणि रोहतांगच्या आसपास नाहीसं झालं. २००३ मध्ये एका गिर्यारोहण तुकडीला लाहौलमधल्या ढाका हिमनदीवर अवशेष सापडले. त्यानंतर लष्कराने कितीतरी मोहिमा काढल्या. २०२४ मध्ये चार मृतदेह मिळाले, छप्पन वर्षांनी. त्या घरांतल्या बायकांनी किती वर्षं ‘बेपत्ता’ या शब्दावर काढली याची कल्पना करा. कारणमीमांसा करताना हे विसरू नये असं वाटतं.

लेहबद्दल थोडं. धावपट्टीच साडेदहा हजार फुटांच्या वर आहे. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, पंखांची उचल घटते, आणि सभोवती डोंगर इतके जवळ की वळायला जागा नाही. दुपारी वारे उसळतात म्हणून उड्डाणं सकाळीच उरकतात. त्या काळात तिथे हवेचा अंदाज किती तोकडा असेल!

जुना_फिटर

घाटमाथा, एक ठाम मतभेद नोंदवतो. १ जानेवारी १९७८ चं ‘एम्परर अशोक’ घ्या. सांताक्रूझहून दुबईला निघालेलं जंबो, दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समुद्रात, २१३ जण. कॅप्टनच्या समोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र अडकलं आणि विमान सरळ असताना उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं. त्यांनी डावीकडे वळवलं, वळवतच राहिले. पण शेजारी दुसरं यंत्र होतं, मधे तिसरं राखीव होतं, फ्लाइट इंजिनिअर सावध करायचा प्रयत्न करत होता. तीन यंत्रं असताना एकावरच विसंबलं तर ती चूक माणसाचीच. सगळंच व्यवस्थेवर ढकललं तर शिस्त कुठे राहील?

घाटमाथा

@जुना_फिटर, शिस्तीचं महत्त्व मी कमी मानत नाही. चौकशीनेही इतर यंत्रं न पाहिल्याचा ठपका ठेवला. पण खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिज नाही. अशा वेळी कानातला तोल शरीराला फसवतो आणि डोळ्यांसमोरचं यंत्र त्याला दुजोरा देतं. त्या काही सेकंदांत तिसरं यंत्र बघायचं, हे सरावाने अंगात मुरवावं लागतं. इंजिनिअरचा आवाज कॅप्टनपर्यंत का पोचला नाही हाही प्रश्न आहे. कॉकपिटमध्ये कनिष्ठाने ठणकावून बोलायचं आणि वरिष्ठाने ऐकायचं, याचं रीतसर प्रशिक्षण जगात त्यानंतरच सुरू झालं. चूक माणसाची म्हटलं तरी पुढचं विमान वाचवायला हाच रस्ता उरतो.

आता मुख्य मुद्द्यावर. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं बोइंग ७२७ वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरताना माउंट वेदर डोंगरावर आदळलं, ९२ जण. कंट्रोलरने उतरण्याची परवानगी दिली. वैमानिकांनी समजून घेतलं की आता नकाशावरच्या १,८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही, डोंगर असता तर कंट्रोलरने परवानगी दिलीच नसती. कंट्रोलर समजत होता की डोंगर टाळणं वैमानिकाचं काम. माँ ब्लाँची गोष्ट आठ वर्षांनी दुसऱ्या खंडात.

आणि सहाच आठवडे आधी युनायटेड कंपनीचं एक विमान याच जागी असंच थोडक्यात वाचलं होतं. त्यांनी आपल्या कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या लोकांपर्यंत ते पोचलंच नाही. म्हणून १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली एक व्यवस्था सुरू झाली. थोडक्यात हुकलेला प्रसंग कुणीही कळवायचा, नाव गुप्त राहील, कळवल्याची शिक्षा नाही. माझं सगळं म्हणणं इथे येऊन ठेपतं. वैमानिकाला दोषी ठरवायचीच सवय असेल तर वाचलेला वैमानिक तोंड उघडणार नाही.

जमीन जवळ आल्याची सूचना देणारं यंत्र डॉन बेटमन या अभियंत्याने तोवर तयार केलं होतं. रेडिओ लहरींनी खालच्या जमिनीचं अंतर मोजायचं, ते फार वेगाने घटू लागलं की कॉकपिटमध्ये आवाज द्यायचा. या अपघातानंतर अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांना ते सक्तीचं केलं. जुन्या यंत्राला फक्त खालचं कळायचं, समोरचा उभा कडा नाही. नव्वदच्या दशकात त्यात जगाचा उंचसखल नकाशाच भरला गेला, त्यासाठी सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या लष्करी नकाशांची माहिती विकत घेतली. असं यंत्र १९६२ मध्ये असतं तर जुन्नरच्या डोंगराआधी ते ओरडलं असतं.

तिसरा_पहारा

चरखी दादरीलाही हे लागू होईल का? १२ नोव्हेंबर १९९६, दिल्लीजवळ सौदी अरेबियाचं जंबो आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ यांची हवेत टक्कर, ३४९ जण. तिथे कझाक वैमानिक ठरवलेल्या उंचीच्या खाली आले, हे तर स्पष्ट आहे.

घाटमाथा

हो, स्पष्ट आहे. त्यांना १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते खाली आले, आणि सौदी विमान १४,००० वर होतं. पण कंट्रोलरला ते दिसू शकत नव्हतं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान कुठे आहे ते कळायचं, किती उंचीवर आहे ते कळायचं नाही. आजूबाजूचं बरंच आकाश हवाई दलासाठी राखीव, त्यामुळे येणारी आणि जाणारी विमानं एकाच अरुंद पट्ट्यातून समोरासमोर चालत. टक्करीचा इशारा देणारं यंत्र भारतात त्यानंतर सक्तीचं झालं, येण्या-जाण्याचे मार्ग त्यानंतर वेगळे झाले. आणि उंची दाखवणारं नवं रडार दिल्लीसाठी आधीच घेतलेलं होतं. ते चालू व्हायचं राहिलं होतं.